जिभेवरची आग

सासूच्या ताटातला दूधभाताचा घास उचलून हर्षानं स्वतःच्या तोंडात घातला आणि सावकाश चावून गिळला.

"तिखट नाही, आत्याबाई."

"मंग मायं तोंड कायले जळून राहिलं?" शामकलाबाईंनी ताट सरकवलं.

शामकलाबाईंचा नवरा, बकाराम, वारल्यापासून आठ महिने हेच चाललं होतं. जिभेवर निखारा ठेवल्यासारखी आग. गोंदियाला दोन दाढा काढून झाल्या, मलमं लावून झाली. तोंडात फोड नाही की चट्टा नाही. सून भातात मिरची कालवते, असं त्यांनी गावात, कामठ्यात, चार घरी सांगितलं होतं. हर्षाच्या कानावर ते आलं; तेव्हापासून ताटातला पहिला घास ती स्वतः खाऊन दाखवी.

शेवटी दातांच्या डॉक्टरांनीच दोघींना दुसऱ्या एका डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. त्यांनी जीभ एकदाच पाहिली आणि भलतंच विचारू लागल्या. झोप लागते का? यंदा भाताच्या रोवणीला गेलात का? शेवटचं कधी रडलात?

"रडली नाही."

"एकट्या असल्यावर काही ऐकू येतं?"

शामकलाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. नवऱ्याचं नाव त्या घेत नसत; नातवाच्या नावानं बोलत.

"टिंकूचा आजा पाणी मांगते. रोज. दवाखान्यात पाणी देऊ नका म्हणून सांगितलं होतं. तीन दिवस मांगत होता. मी नाही देलं. तसाच गेला."

"उतारवयात मनातलं असं कधी कधी तोंडात जळतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गोळी देते. गुण यायला महिना-दीड महिना लागेल."

खुर्चीमागे उभी असलेली हर्षा हळूच म्हणाली,

"मी देलं होतं, आत्याबाई. तुम्ही आंघोळीले गेल्या तवा. दोन चमचे. दुसऱ्या दिवशी मामाजी गेले. माह्यानंच गेले वाटे. सांगाची हिंमत नाही झाली."

शामकलाबाई वळल्या.

"पाणी पेला?"

"पेले."

"काही बोलला?"

"तुह्या सासूले सांगू नोको, रागावन, म्हणाले."

शामकलाबाईंच्या तोंडून हसण्यासारखा आवाज निघाला आणि मध्येच फुटला. डोळे गळू लागले. जीभ जळतच होती. हर्षा जागची हलली नाही; जवळ जावं की नाही, तिला कळेना.

शामकलाबाईंनी शेजारच्या खुर्चीवर हात ठेवला.

"बस," त्या म्हणाल्या. "किती दिवस उभी राहशीन."