त्रिंबकने बांधलेला पंख

पाचोडच्या पंचक्रोशीत कुणाच्या मेंढीचा, बकरीचा पाय मोडला, की लोक डॉक्टरच्या आधी त्रिंबकचं दार गाठत. बांबूच्या कामट्या, जुन्या धोतराच्या पट्ट्या आणि हळद-तेल, एवढ्या भांडवलावर त्याने कितीतरी जनावरं पुन्हा चालती केली होती. त्याचा त्याला अभिमान होता, आणि का नसावा?

म्हणून विजेच्या तारेला धडकून एक घार त्याच्या मेंढवाड्यापाशी पडली, तेव्हा त्याने घोंगडं टाकून तिला धरलं आणि लगेच कामट्या काढल्या. एक पंख मोडून लोंबत होता.

"आवो, संभाजीनगरला पाखरांचा दवाखाना हाय म्हणत्यात," बायको राजाबाई म्हणाली. "आजच घेऊन जावा की."

"माझ्या हातात इलाज असताना येष्टीत धक्के खायला कशाला जाऊ? हाड ते हाडच."

त्याने पंख घट्ट बांधला. घार कोंबड्या झाकायच्या डालग्याखाली ठेवली. स्वतःच्या ताटातलं मटण बाजूला काढून तिला भरवलं, चोचीचे ओरखडे हसत हसत सोसले. महिनाभराने पट्टी सोडली, तर हाड दगडासारखं पक्कं! स्वारी भलतीच खूश. घार घेऊन तो बांधावर गेला आणि तिला वर उडवलं.

ती सरळ कपाशीत कोसळली. त्याने पुन्हा उडवलं, ती पुन्हा पडली. तिसऱ्यांदा उचलली तेव्हा तिने पंख उघडलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी डालगं मांडीवर घेऊन तो शहरात पोचला. तिथल्या डॉक्टरबाईंनी पंख हलक्या हाताने चाचपला. तो अर्धाच उघडला.

"हे कुणी बांधलं होतं?"

गावातल्या कुणाचंही नाव घेता आलं असतं. तो म्हणाला, "म्याच."

"बांधलं निगुतीनं होतं, बाबा. मेंढीचा पाय असता तर चालली असती. पण पंख इतके दिवस आवळून ठेवला, त्यात सांधाच धरला. आणि हाड जरा वाकडं जुळलंय."

"मग परत मोडून बसवा की. म्या धरतो."

"आता नाही होत तसं. ही इथंच राहील."

"पहिल्याच दिशी आणली असती तर?"

"तर बहुतेक उडाली असती."

त्याला वाटलं, बाईंनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्यांनी त्याला पाणी दिलं आणि घारीला मागच्या मोठ्या पिंजऱ्यात सोडलं. वर नुसती जाळी होती. शहरावर घारी फिरत होत्या. त्यातली एक पिंजऱ्यावरून गेली, तशी आतली घार मान वाकडी करून ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली.

"बाई," त्रिंबक कसाबसा म्हणाला, "हिच्यावर पत्रा टाका. आभाळ दिसू देऊ नका हिला."

"ऊन हवं असतं हो तिला," बाई म्हणाल्या.