हात सुटला नाही तेव्हा

मी एक जुनी मॅट आहे. एके काळी हिरवी होते. आता रंगाचं विचारू नका. कारखान्यात स्पंजचे तुकडे दाबदाबून माझं अंग केलं, वर जाड कापडाची खोळ शिवली आणि माझी रवानगी मास्तरांच्या ज्युदोच्या क्लासमध्ये झाली.

मित्रांनो, पडणाऱ्याला झेलणं हे माझं काम. मास्तर मला रोज पुसत आणि नव्या मुलांना बजावत, "हिच्यावर दोन थापा पडल्या म्हणजे समोरच्यानं हार मानली, लगेच हात सोडायचा. जिंकत असलात तरी." हजार हजार वेळा घोटून घेत. तेव्हा मला स्वतःचा फार अभिमान वाटे.

मास्तरांचा लाडका शिष्य म्हणजे हातोडा. त्याला क्लासची जागा हवी होती, मास्तर देईनात. एका सकाळी सरावाच्या नावाखाली त्यानं मास्तरांचा गळा आवळला. मास्तरांनी थापा मारल्या. दोन, मग चार. हात सुटला नाही. मास्तर माझ्यावरच गेले. हातोडा "अपघात झाला" म्हणाला आणि नामानिराळा राहिला.

मास्तरांची लेक तीन वर्षं माझ्यावर घाम गाळत राहिली. धाकटा भाऊ तिच्या हातून आपटून घ्यायचा. मग एक दिवस जागा बळकावायला हातोडा दोन गुंड घेऊन आला आणि बूट न काढताच माझ्यावर चढला. पोरगी काय करणार, असं त्याला वाटलं. पहिल्या गुंडाचे दात माझ्यावर सांडले. दुसऱ्याचं मनगट कडकन मोडलं. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? शेवटी हातोड्याचा गळा तिच्या कोपरात सापडला.

त्यानं दोन थापा मारल्या, आणि तिचे हात आपोआप सुटले! अंगवळणीच पडलं होतं ते.

"बापाचीच लेक!" हातोडा हसला आणि बुटातला सुरा काढून त्यानं तिच्या बरगडीखाली खुपसला. तिनं त्याचा हात उलटा मोडला, सुरा भिरकावला आणि पुन्हा गळा धरला.

"ताई, सोड! थापा मारतोय तो!" भाऊ ओरडला.

मी मोजत होते. सात, आठ, नऊ. मग तो हात नुसताच माझ्यावर पडून राहिला.

आधी सुरा त्यानं चालवला, म्हणून कोर्टानं तिला सोडलं. भावानं मला घासघासून धुतलं, क्लास पुन्हा सुरू झाला. पहिल्याच सरावात तिनं भावाचा हात पिळला. तो ओठ चावत गप्प पडून राहिला, आणि त्याचा खांदा निखळला.

"अरे वेड्या, थाप का नाही मारलीस?"

वर न बघता तो म्हणाला, "ताई, तू सोडलं असतंस?"

मित्रांनो, तेव्हापासून इथे कुणी थाप मारत नाही. माझी फाटकी खोळ शिवू नका, मला ऊनही दाखवू नका. फक्त कुणीतरी माझ्यावर दोन थापा मारा, आणि कुणीतरी लगेच हात सोडा. तेवढ्यावर मी आणखी वीस वर्षं मार खाईन.