मिरचीच्या पानातली एकवीस अक्षरं

हे बाहेर सांगायचं नसतं, तरी सांगतेय. मी मिरचीच्या झाडातली एकवीस अक्षरांची चिठ्ठी. शास्त्रज्ञ मला आरएनएचा तुकडा म्हणतात.

माझं झाड मुलचेऱ्याजवळच्या एका जंगलगावात, सोमारीबाईंच्या वाडीत आहे. यंदा, २००३ साली, मावा नावाचा बारीक किडा त्याच्या पानावर बसला, रस प्यायला आणि विषाणू सोडून गेला. विषाणू म्हणजे लांबलचक आरएनएच. तो स्वतःच्या नकला काढू लागला. पानांवर पिवळे चट्टे आले.

तेव्हा झाडातल्या कात्रीने, म्हणजे आरएनए कापणाऱ्या प्रथिनाने, त्याचे बारीक तुकडे केले. त्यातलीच मी. जन्माने मी शत्रूचीच, म्हणून मला तो ओळखू येतो. माझी अक्षरं जिथे जुळतात, तिथे त्याला कापलं जातं.

सोमारीबाईंचे यजमान कोलूभाऊ यांनी रोगट झाडं उपटून जाळली. फळ धरलेलं हे एकच उरलं.

"हेई उपटतो. वांग्यायले रोग लागन."

"फळ लागलेल्या झाडाले पंडुमाआधी हात लावाचा नाई. नवं फळ आधी देवाले. आन् माह्या मायच्या घरचं बी हाय, इतलंच उरलं."

"तुह्या मायवानीच जिद्दी हाय झाड!"

"मंग जावयाच्या हातानं मरन काऊन?"

पंडुमाला, म्हणजे नवं फळ देवाला वाहायच्या सणाला, आठ दिवस होते. मी शिरांमधून वर निघाले. माझ्यासारख्या हजारो जणी सोबत होत्या. जुनी पानं सुधारत नाहीत, ती सोडून द्यावी लागली. शेंड्यावरच्या न उमललेल्या पानांत विषाणूच्या आधी पोचायचं होतं. माणसं मात्र खालची पानं पाहूनच झाडाचं ठरवतात.

पंडुम झाला. दुसऱ्या सकाळी कोलूभाऊंनी बुंधा धरून ओढला. दोन-तीन मुळं तुटली.

"बा, थांब!" त्यांची मुलगी दीपाली ओरडली. "वरचं पान पाह्य ना!"

शेंड्याला तीन पानं होती. एकावरही डाग नव्हता.

"खालची तं खराबच हाय," कोलूभाऊ म्हणाले, पण हात सोडला. सोमारीबाईंनी बुंध्याची माती पायाने दाबली आणि सगळ्यात मोठ्या मिरचीला चिंधी बांधली. "हे बियाची. कोनी तोडाची नाई."

माझी तुम्हाला एकच विनंती आहे. रोगट झाड उपटण्याआधी…

"चल गं, डाव्या फांदीला कोंब फुटून राह्यला!" सोबतची एक चिठ्ठी मला हाक मारतेय.

आले, आले. तर उपटण्याआधी एकदा त्याच्या शेंड्याकडे…