डोंगर उघडल्याची खूण

मित्रांनो, हात धुऊन झाले असतील तर नळ बंद करा आणि जरा इकडे बघा. केसांकडे नको, केस छान आहेत तुमचे. माझ्याकडे बघा. मी एक जुना आरसा आहे. रोपवेच्या वरच्या स्टेशनातल्या स्वच्छतागृहात, बेसिनच्या वर मला ठोकून टाकलंय. तुम्ही डब्यात बसून वर येता, "शी! काहीच दिसत नाही, नुसतं धुकं!" म्हणून नाकं मुरडता, माझ्यात बघून भांग सारखा करता आणि खाली निघून जाता. पण एके काळी या बेटावर माझा होकार मिळाल्याशिवाय कुणी डोंगरावर पाऊल टाकत नव्हतं. खोटं वाटतंय ना? वाटणारच. माझ्या नावाला खोटेपणा चिकटलाय. तो कसा चिकटला, तेवढंच मला सांगायचंय.

कारखान्यात माझ्या कडा घासल्या, पाठीला मुलामा दिला आणि एका कपाटाच्या दारात मला बसवलं. ते कपाट गेलं बंदराजवळच्या एका घरात. त्या घरात एक दादा होता आणि त्याची धाकटी बहीण. दोघं माझ्यापुढे उभं राहून इतकी वाकडी तोंडं करायची, की मला वाटायचं, माणसांचे चेहरे असेच असतात! पुढे दादा वाटाड्या झाला. बोटीतून उतरलेल्या लोकांना तो पायी शिखरावर न्यायचा. बहिणीने शिखराच्या जरा खाली चहाची टपरी टाकायचं ठरवलं आणि सामानाची बांधाबांध सुरू झाली.

"मला कपाटाचा आरसा हवा," ती म्हणाली.

"तिथं नटून कुणाला दाखवणार आहेस? बकऱ्यांना?"

"अरे, दिवसभर एकटी असणार मी. एक तरी माणूस दिसायला हवं ना!"

दादाने हसत हसत मला दारातून सोडवलं, चादरीत गुंडाळलं आणि पाठीशी बांधलं. अर्ध्या वाटेवर वाऱ्याने चादर उडाली. मागून येणारे लोक ओरडायला लागले, "अहो वाटाडे, तुमच्या पाठीवरून ढग चाललेत!" माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात उंच दिवस. उंची डोंगराची होती, पण मान माझी ताठ झाली होती.

मी खूण कसा झालो, ती तर गंमतच आहे. एका सकाळी ती टपरीच्या दारात मला टेकवून वेणी घालत होती. माझ्यावर ऊन पडलं आणि त्याचा झोत थेट बंदरावर गेला. खाली दादाला वाटलं, बहीण संकटात आहे, मदतीला बोलावतेय. तो धापा टाकत वर आला. चेहरा लालबुंद, हातात काठी.

"काय झालं? कोण आलंय?"

"कुणी नाही. वेणी घालतेय."

दादा मटकन खाली बसला. आधी तो चिडला, मग दोघं पोट धरून हसली. आणि हसता हसताच दादाने वाकून खाली बंदराकडे पाहिलं. "ए वेडे, हा खालून स्पष्ट दिसतो गं!"

मित्रांनो, या डोंगराची एक खोड आहे. शिखराभोवती रोज सकाळी काहीतरी पांढरं असतं. ते विरळ धुकं आहे की दाट ढग, हे खालून कळत नाही. विरळ असेल तर ऊन त्यातून टपरीपर्यंत पोचतं आणि पुढे दिवसभर वाट मोकळी राहते. दाट असेल तर टपरी सावलीत राहते, आणि दुपारपर्यंत तो ढग खाली वाटेवर उतरतो. वरची धार अरुंद आहे, दोन्हीकडे उभे कडे. ढगात तिथे स्वतःचे बूटसुद्धा दिसत नाहीत. तेव्हापासून बहीण-भावाचं ठरलं. मी चमकलो तर चढायचं, नाही चमकलो तर नाही.

आता सांगा, माझ्यासारखा पहारेकरी कुठे मिळेल? माझ्यावर ऊन पडलं तरच मी चमकणार. ऊन नसताना मला कुणी कितीही पुसा, हलवा, लाडीगोडी लावा, मी चमकूच शकत नाही. मी चमकलो की दादा धक्क्यावरून आरोळी ठोकायचा, "डोंगर उघडला!" आणि लोक पिशव्या उचलायचे. बहिणीला सगळे वरची ताई म्हणू लागले. वर पोचलेली माणसं मला हात लावून जायची. माझ्यावर बोटांचे ठसे उमटायचे. ताई ते पुसायची आणि म्हणायची, "तुझ्या जिवावर दादाला पाठवते रे त्या धारेवरून." मित्रांनो, मला ते वाक्य फार आवडायचं. आता तेच सगळ्यात जास्त टोचतं.

मग रोपवे आला. मी जळलो असेन असं तुम्हाला वाटेल. मुळीच नाही! लाल लाल डबे आभाळातून सरकत यायचे आणि प्रत्येक डबा माझ्यात दोनदा दिसायचा, येताना आणि जाताना. चढणं न जमणारे आजी-आजोबा पहिल्यांदाच शिखरावर आले. मला आनंदच झाला. अडचण अशी झाली की रोपवेचे प्रवासीसुद्धा माझ्याकडेच बघू लागले. मी चमकलो नाही की धक्क्यावर कुणीतरी म्हणायचंच, "आज आरसा गप्प आहे, वर काही दिसायचं नाही." आणि तिकीट खिडकीसमोर शुकशुकाट.

एके दिवशी रोपवेचे साहेब टपरीवर आले. चहा प्यायले, दुसरा मागवला, मग मुद्द्यावर आले.

"ताई, तुमचा हा आरसा रोज चमकायला हवा."

"ऊन नसेल तर कसा चमकेल तो?"

"म्हणून तर दिवा आणलाय." त्यांनी पिशवीतून एक झगझगीत दिवा काढला. "आणि वरच्या स्टेशनात उपाहारगृह सुरू होतंय. तिथे कुणीतरी जबाबदार बाई हवी. पक्क्या भिंती, गरम खोली. या गळक्या पत्र्याखाली किती वर्षं काढणार?"

ताईने वर पत्र्याकडे पाहिलं. मग तिने गुडघे चोळले. वाऱ्याने तिचे गुडघे धरले होते, हे मला माहीत होतं. मला तिचा राग तेव्हा आला नाही, खरंच नाही.

"पण दादा पायी येतो," ती हळूच म्हणाली.

"मग त्यांना सांगून ठेवा ना! त्यात काय?"

"सांगते."

तिने सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दादाने दिवा उचलून दरीत फेकला असता, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पुढच्या सकाळी दाट ढग होता. ताईने मला दारातल्या खुंटीवरून काढलं, माझं तोंड भिंतीकडे केलं आणि माझ्या जागी दिवा टांगला. मला नुसती पत्र्याची भिंत आणि तिच्यावरचा गंज दिसत होता. आणि खालून, फार लांबून, वाऱ्यावर आरोळी आली, "डोंगर उघडला!"

मित्रांनो, मला आवाज असता तर मी त्या क्षणी फुटेपर्यंत ओरडलो असतो.

दादा एका शिक्षिकेला आणि तिच्या वडिलांना घेऊन निघाला होता. धारेवर ढगाने त्यांना गाठलं. शिक्षिकेचे वडील कड्याकडे सरकले, त्यांना मागे ओढताना दादाचा पाय दगडांत अडकला आणि मोडला. स्टेशनातली माणसं शिक्षिकेच्या हाका ऐकून धावली आणि दादाला उचलून टपरीत घेऊन आली. त्याआधी ताईने घाईघाईने दिवा पोत्यामागे लपवला आणि मला पुन्हा खुंटीवर लावलं. पहिल्यांदाच तिने मला वरची बाजू खाली करून टांगलं.

दादाला माझ्यासमोरच्या बाकावर झोपवलं. त्याने माझ्याकडे बोट केलं. "हा चमकला गं. मी स्वतः पाहिलं. ढग असताना कसा चमकला हा?"

मी वाट बघत होतो. आता ती सांगेल. आता सांगेल.

"जुना झालाय तो, दादा," ताई म्हणाली. "काचेचा काय भरवसा!"

दादाच्या मागे उभ्या असलेल्या ताईचा चेहरा माझ्यात लख्ख दिसत होता. लपवण्यासारखं सगळं त्यावर उघडं पडलं होतं आणि मी ते जसंच्या तसं दाखवत होतो. दादाची नजर जराशी बाजूला वळली असती तरी पुरे होतं! पण त्याने डोळे मिटले. "घरातला होता गं हा," तो म्हणाला. "यानेच फसवलं."

त्याचा पाय वाकडाच जुळला. आता तो चढत नाही, धक्क्यावर जाळी विणतो. टपरी पाडली, ताई उपाहारगृहात गेली आणि मी इथे आलो. तो दिवा मात्र आता स्टेशनाच्या छपरावरून रोज सकाळी चमकतो, ऊन असो नसो. म्हणून तर तुम्ही आज धुकं बघायला वर आलात! ताई रोज मला पुसायला येते, दुसऱ्या कुणाला पुसू देत नाही. पण मान खाली घालून पुसते. एकदा तर म्हणाली, "तू तरी बोलायचंस रे." बघा! म्हणजे चूकही माझीच!

तुम्हाला वाटेल, इतक्या वर्षांनी मी तिला माफ केलं असेल. नाही केलं. मोठं मन वगैरे मोठ्या वस्तूंकडे असेल, मी कपाटाचा आरसा आहे. एवढंच सांगतो, घरातल्या मुक्या वस्तूवर खापर फोडणं फार सोपं असतं, म्हणून ते कधी करू नका. आणि माझं एक काम करा. खाली उतरलात की धक्क्यावर जाळी विणणारे एक म्हातारे दादा दिसतील. ते डोंगराकडे पाठ करून बसतात. त्यांच्यासमोर जा आणि सांगा, "दादा, त्या सकाळी आरसा चमकला नव्हता."

ते विचारतील, मग काय चमकलं? तेव्हा वर बोट दाखवा आणि म्हणा, "ते तुमच्या बहिणीला विचारा."