न लावलेली बोली

लालासाहेबाने पलटणीतला कोट अंगावर चढवला, बँकेचं पत्र आतल्या खिशात कोंबलं आणि याकूबला बजावलं, की तिथं तू तोंड उघडायचं नाही, बोलणार मी. याकूबने मान हलवली. हवालदार होऊन घरी आलेल्या या माणसापुढे गेली दहा वर्षं सगळी गल्ली मानच हलवत आली होती.

याकूब विहिरींवरची इंजिनं दुरुस्त करायचा. राहतं घर गहाण टाकून त्याने लेथ मशीन घेतलं आणि नेमका बहात्तरचा दुष्काळ आला. विहिरीच आटल्या, मग इंजिन दुरुस्तीला आणणार कोण? चौऱ्याहत्तरला बँकेने घराचा लिलाव केला. तेव्हापासून याकूब आणि त्याची बायको जन्नतबी मशीनमागच्या पत्र्याच्या खोलीत राहत होते. आणि आता दोन वर्षांनी हे पत्र: लिलावात चार हजार आले, येणं सहा हजार शंभर होतं, राहिलेले एकवीसशे भरा, नाहीतर मशीन जप्त करू. मशीन गेलं की पोटच गेलं.

"घर बी घ्यायचं आन् वर पैसं बी मागायचं. ही कुठली रीत?" आष्ट्याहून इस्लामपूरला जाताना लालासाहेब सगळ्या एसटीला ऐकू जाईल असं म्हणाला.

त्या लिलावाचा विषय निघाला की त्याला चेव चढायचा. आदल्या दिवशी तो स्वतः घरोघर फिरला होता. याकूबच्या घरावर जो बोली लावील त्याच्या घरचं पाणी आपण पिणार नाही, असं त्याने दारादारांत सांगितलं. ऊसवाला अर्जुना तर सात हजार कनवटीला लावून आला होता. लालासाहेबाने त्याला चहा पाजला, लाज काढली आणि गप्प बसवला. घर शेवटी मलकापूरच्या कुणा व्यापाऱ्याने नेलं, पण गल्ली फुटली नाही. ही गोष्ट त्याने शंभरदा तरी सांगितली असेल, आणि दर वेळी मिशीवरून हात फिरवला असेल.

बँकेत वसुलीचे साहेब पाटणकर म्हणून होते. लालासाहेबाने खुर्ची ओढली आणि सरबत्ती सुरू केली. एवढं मोठं घर मातीमोल विकलं, आत कुणाचं तरी साटंलोटं असणारच, आम्ही वरपर्यंत जाऊ. पाटणकरांनी सगळं ऐकून घेतलं, फाईल उघडली आणि एक कागद त्याच्याकडे फिरवला.

"वाचा. गावची सतरा माणसं हजर, बोली एकच. आणखी कुणी तोंड उघडलं असतं तर आकडा चढला असता. कर्ज फिटून उरले असते, तर ते यांनाच मिळाले असते."

लालासाहेबाने कागद वाचला, मग परत वाचला. अर्जुनाचे सात हजार. कर्ज फिटून वर नऊशे. हे बँकेने केलं नव्हतं, व्यापाऱ्याने केलं नव्हतं. हे त्याने स्वतः, दारोदार फिरून केलं होतं.

"तुला ठावं हुतं?" त्याने याकूबला विचारलं.

"व्हय. त्याच दिशी कळलं."

"मग बोलला का न्हाईस?"

"काय बोलू गड्या? माझ्यापायी सतरा माणसं गप बसली. माझ्या निकाहाला बी एवढी आली नव्हती."

मग याकूबच साहेबांशी बोलला. महिन्याला सत्तर रुपये भरीन, मशीनला हात लावू नका, एवढंच त्याचं मागणं होतं. पाटणकरांनी कागद तयार केला. याकूबने सही केली तशी लालासाहेबाने त्याच्या हातातून पेन काढून घेतलं आणि निम्मा हप्ता आपल्या पेन्शनीतून जाईल, असं सांगून टाकलं. याकूब नको नको म्हणत राहिला. तुला विचारलंय कुणी, असं म्हणून त्याने त्याला गप्प केलं.

"दुसरं नाव घालायचं तर कर्जदाराशी नातं लिहावं लागेल," पाटणकर म्हणाले. "काय लिहू?"

लालासाहेबाने फाईलमधला तो लिलावाचा कागद बोटाने दाखवला.

"लिहा," तो म्हणाला, "लिलावाला हजर हुता."