कवळात गेलेला गुलाब

चूक माझ्या तोंडाची. ते आधी बोलतं, मग मला कळवतं.

आमच्या मोखाड्याच्या शाळेतले भोये सर गुलाबांना बाळंतिणीसारखं जपतात. पंधरा कुंड्या, वर हिरवी जाळी, दर रविवारी फवारणी. एवढं करून फुलं येतात माझ्या गणिताच्या मार्कांइतकी. तर मार्चमध्ये सर वर्गात म्हणाले, "जूनला पहिलीत बावीस मुलं येणार. स्वागताला नाशिकहून गुलाब मागवू."

"कशाला सर? मी आणते. आमच्या दारात गावठी गुलाबाचं झुडूप आहे."

"रामी, तुमच्या सूर्यमाळला उन्हाळ्यात माणसांना पाणी नाही. आणि गुलाब?"

"त्याला भांडी धुतलेलं पाणी चालतं सर. आमच्याकडे लाड नसतात!"

झालं. बावीस फुलं, सगळ्या वर्गासमोर कबूल. नाही आणली तर पुढच्या वर्षी अख्खी दहावी तुला 'गुलाबराणी' म्हणणार, हे बाकावरच्या फागीने तिथल्या तिथे जाहीर केलं.

होळीला वसतिगृहातून घरी गेले तर झुडूप गायब! गुडघ्याएवढी चार खुंटं उरलेली. नागलीचं, म्हणजे नाचणीचं, रोप टाकायच्या आधी जमिनीवर डहाळ्या-पाला जाळून राब भाजतात ना, त्यासाठी बाबा डहाळ्यांचा कवळ तोडत होता. ऐनाच्या फांद्या सपासप, आणि त्याच हाताने माझा गुलाब. भारा बांधून मोकळा.

"बाबा, काय केलंस हे?"

"कवळ कमी पडला गं."

"तो गुलाब होता!"

"मंग काय जालं? यंदा नागलीला वास येल." आई पदर तोंडात धरून हसत होती. बाबाचं चालूच, "ऐन दरसाल तोडतो, मरतो का? रडू नको. पाणी घाल."

मी रडत नव्हते. बारीक आवाजात शिव्या देत होते.

भांड्यांचं पाणी मात्र रोज ओतायला लावलं आईला. एप्रिलमध्ये खुंटांना लालसर कोंब फुटले. शेळी येऊन शेंडे चाखून गेली, तिलाही शिव्या दिल्या. मेअखेर झुडूप असं माजलं की दारातून जायचं तर अंग चोरून जावं लागे. ना जाळी, ना फवारणी. कळ्या घोसाने.

शाळेच्या पहिल्या दिवशी बादली मांडीवर घेऊन जीपमध्ये बसले. एकतीस फुलं! सरांसमोर बादली ठेवली. फागीची वाचाच बसली. मग मोठ्या थाटात पहिलीतल्या कोंडीच्या हातात पहिलं फूल दिलं.

कोंडी किंचाळली. काटे! गावठी गुलाबाच्या देठाला नुसते काटेच काटे, आणि मी एकही काढला नव्हता. तिला बघून उरलेली एकवीस रडायला लागली. त्यातल्या एकाच्याही हातात तर अजून फूल नव्हतं.

"वा! काय स्वागत!" फागीला वाचा परत आली.

सरांनी खिशातून नेलकटर काढलं, पायरीवर मांडी ठोकली आणि एकेक काटा कापायला लागले. मी शेजारी बसून पुसून द्यायला लागले. बाविसाव्या मुलाला फूल गेल्यावर सरांनी एक उचलून नाकाशी धरलं, बराच वेळ.

"छाटणी कोणी केली?"

"बाबाने. कोयत्याने."

"रविवारी घेऊन ये त्यांना."

"सर, तो एकदा सुटला की थांबत नाही. कुंड्याही उरायच्या नाहीत."

"नाही उरल्या तर फवारणीचा ताप जाईल," सर म्हणाले.

तेवढ्यात कोंडीने माझी ओढणी ओढली. तिला आणखी एक फूल हवं होतं. पहिलं तिने खाल्लं होतं.