सेकंदाचा हजारावा भाग

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. जाडजूड, काळा, अंगभर ओरखडे पडलेला. मोबाइलशेजारी मी अगदीच बोजड दिसतो, पण मिरवायची खोड काही गेलेली नाही. तेव्हा थोडं सहन करा.

जन्म कारखान्यातला, आयुष्य मात्र पापडी गावातलं. मार्सेलनी मला हौसेनं आणलं. लग्न असो, बाप्तिस्मा असो, मी आपला त्यांच्या गळ्यात. "मार्सेलचे फोटो म्हणजे एक नंबर!" लोक म्हणायचे आणि मी फुगायचो. पुढे त्यांनी फोटोचं काम सोडून केळीच्या वाडीत लक्ष घातलं आणि मी कपाटात गेलो. सहा वर्षं! माझा फ्लॅशही तिथेच मेला. राग यायचा, खोटं कशाला बोलू?

यंदा मार्सेलच्या आईवडिलांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली. पत्रिकेवर दोघांचा फोटो छापायचा होता. पण आईचे, म्हणजे कार्मिन आजींचे हात सारखे थरथरतात. नात पॉलिननं मोबाइलवर वीसेक फोटो काढले, सगळ्यांत हात पुसट आलेले. आजी हिरमुसल्या. "यांचा एकट्यांचाच छापा. माझं राहू द्या."

"मग पत्रिकाच नको," ऑस्टिन आजोबा ताडकन म्हणाले.

तेव्हा कुठे नवी बॅटरी घालून मला बाहेर काढलं! दोघं घरातल्या देवाच्या वेदीसमोर बसली. या घरात महत्त्वाचा फोटो तिथेच काढायची रीत. पण माझ्याही फोटोत हात तसेच पुसट आले.

"असं का होतं, बाबा?" पॉलिननं विचारलं.

"इथे उजेड कमी. म्हणून याच्या आतला पडदा जास्त वेळ उघडा ठेवावा लागतो, सेकंदाचा पंधरावा भाग. तेवढ्यात आईचा हात हलतो आणि ते हलणं फोटोत उतरतं."

"मग वेळ कमी करा ना!"

त्यांनी केली. फोटो काळाकुट्ट आला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"उजेडच हवाय ना? मग वाडीत चला," पॉलिन म्हणाली.

"वेदी सोडून?" आजींच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"आजी, मागे केळी येतील. त्याही देवानंच दिल्यात ना?"

आजी हसल्या, आणि उठल्या.

वाडीत लख्ख ऊन होतं. मार्सेलनी आकडा फिरवला, सेकंदाचा हजारावा भाग. एवढ्यात तुमची पापणीसुद्धा लवत नाही. खटक!

आजींनी माझी स्क्रीन डोळ्यांजवळ धरली. फोटोत त्यांचा हात आजोबांच्या हातात होता. "अरे देवा, पाचही बोटं वेगवेगळी दिसतायत!" म्हणाल्या आणि रडायलाच लागल्या.

"छापा आता," म्हणत आजोबांनी नाक शिंकरलं.

आता दर रविवारी पॉलिन मला वाडीत नेते. मी मजेत आहे. माझं सांगणं एवढंच: जुन्या कॅमेऱ्यांना कपाटात कोंडू नका, भिंगाला बुरशी धरते. आणि फोटो काढताना कुणाचा हात थरथरला, तर "हलू नका" म्हणून ओरडू नका. जमत असतं तर ते हलले असते का? त्यांचा हात धरा आणि त्यांना उन्हात घेऊन या.